ऑपरेशन किंवा तपासणीआधी भीती वाटते तेव्हा नेमकं काय करायचं

"घाबरू नका, काही होत नाही." ऑपरेशनला किंवा मोठ्या तपासणीला निघालेल्या माणसाला हे वाक्य घरातले, शेजारचे, वॉर्डबॉय, सगळेच ऐकवतात. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण ऐकणाऱ्याची धडधड त्याने थांबत नाही. उलट घाबरलोय हे लपवण्याचं एक नवीन काम त्याच्यामागे लागतं. भीती सांगून जात नाही, कारण ती फक्त विचारात नसते. ती छातीत, खांद्यात, पोटात, गार पडलेल्या बोटांत उतरलेली असते. म्हणून मनाला समजावत बसण्यापेक्षा शरीराला एखादं ठरावीक काम देणं जास्त उपयोगी पडतं.

पण कुठलं काम द्यायचं, हे तपासणी कोणती आणि माणूस कसा यावर ठरतं, आणि बहुतेक सल्ल्यांमधून नेमकं हेच सुटतं. रक्त काढताना ज्याला भोवळ येते त्याला "अंग सैल सोडा" सांगणं चुकीचं आहे. पोटाचा एमआरआय चालू असताना "खोल श्वास घ्या" हेही चालत नाही. सगळ्यांना लागू पडणारी एकच यादी इथे कामाची नाही, म्हणून प्रत्येक उपाय कसा काम करतो ते आधी समजून घेऊ.

भीतीने शरीरात काय होतं

समोर धोका दिसला की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला तयार करतो. अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास उथळ आणि जलद होतो. रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. धोका खरोखरचा असो की नुसती ट्रेमध्ये ठेवलेली सुई असो, ही यंत्रणा सारखीच चालते. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. एरवी धीट असलेली माणसंही डॉक्टरांसमोर बसली की रक्तदाब जास्त दाखवतात, आणि घरी मोजला तर तो नॉर्मल निघतो.

याचा त्रास फक्त मनाला होतो असंही नाही. गार हातावरच्या शिरा आकसतात, मग सलाईनची सुई लावायला सिस्टरला दोन-तीनदा टोचावं लागतं. आवळलेल्या दंडात इंजेक्शन जास्त दुखतं. जबडा घट्ट असेल तर दाताच्या डॉक्टरांना काम करायला जागा मिळत नाही आणि रुग्णाचा जबडा नंतर दिवसभर ठणकतो. आणि भीतीमुळे तपासणीच पुढे ढकलत राहणारी माणसं तर प्रत्येकाच्या ओळखीत असतात. हे सगळ्यात मोठं नुकसान.

श्वास: घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष

शरीराच्या या घाईगर्दीतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. ठोके कमी कर म्हणून हृदयाला सांगता येत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि हवा तेव्हा ताब्यातही घेता येतो, आणि हृदय त्याच्याशी बांधलेलं आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून होतं. तो मेंदूच्या तळापासून छातीत आणि पोटात उतरतो आणि हृदयाला आवर घालतो. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की या आवर घालणाऱ्या यंत्रणेला जास्त वेळ मिळतो. दीर्घ श्वासाच्या सगळ्या पद्धतींचा गाभा इथे आहे.

मोठ्या माणसाचा श्वास आरामात बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो सहाच्या आसपास आणायचा. त्यासाठी मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सोडायचा. सोडताना ओठ गरम चहावर फुंकर घालतो तसे किंचित गोल केले की हवा आपोआप सावकाश जाते. एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना तो हात वर आला पाहिजे, खांदे नाही. खांदे कानांकडे जायला लागले तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतोय असं समजा. तीन ते पाच मिनिटं पुरतात. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. आकडा महत्त्वाचा नाही, घेण्यापेक्षा सोडणं लांब असलं म्हणजे झालं.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. "खोल श्वास घ्या" म्हटलं की घाबरलेला माणूस छाती फुगवून मोठमोठे श्वास भराभर ओढायला लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, आणि माणसाला वाटतं की आता आपल्याला काहीतरी होतंय. भीती आणखी वाढते. श्वासाने त्रास वाढला अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा हेच घडलेलं असतं. म्हणून सोबत असाल तर "खोल श्वास घे" म्हणू नका, "सावकाश सोड" म्हणा. श्वास पूर्ण सोडला की पुढचा आपोआप येतो.

दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर श्वास रोखून धरायचे प्रकार टाळा. आणि काही माणसांना श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरल्यासारखंच होतं. त्यांनी हा नाद सोडून द्यावा. बाहेरच्या गोष्टीत लक्ष गुंतवण्याचे उपाय त्यांच्यासाठी आहेत, ते पुढे येतील.

आवळणं आणि सोडणं

एडमंड जेकबसन हे अमेरिकन डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते स्नायूंच्या ताणाचा अभ्यास करत होते. स्नायू खरोखर सैल असतील तर घाबरलेली अवस्था टिकून राहणं अवघड जातं, असा त्यांचा मुद्दा होता. अडचण अशी की आपले स्नायू आवळलेले आहेत हेच आपल्याला कळत नसतं. खांदे तासभर वर चढवलेले असतात आणि तरी माणूस सांगतो, "मी आरामात बसलोय." म्हणून त्यांनी माणसांना एकेका स्नायूतला ताण ओळखायला आणि मग तो सोडायला शिकवलं. मूळ शिक्षण बरंच लांबलचक होतं. पुढे इतरांनी ते छोटं केलं आणि आज ते दहा-पंधरा मिनिटांत करता येतं.

वेटिंग रूमच्या खुर्चीत बसून करायचा प्रकार असा. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला. दोन्ही हातांच्या मुठी आवळा, पूर्ण ताकदीने नाही, साधारण निम्म्याहून थोड्या जास्त जोराने. पाच-सात सेकंद धरा. बोटांच्या पेरांवर, मनगटात, कोपरापर्यंत जो ताण जाणवतो तो नीट बघून घ्या. मग एकदम सोडून द्या. हात मांडीवर पडू द्या आणि पंधरा-वीस सेकंद काहीच करू नका, फक्त आधीच्या आणि आताच्या हातातला फरक बघा. हात थोडा जड, थोडा कोमट वाटेल. मग खांदे कानांपर्यंत उचला, धरा, सोडा. मग कपाळाला आठ्या घालून डोळे मिटा, धरा, सोडा. दात हलकेच एकमेकांवर दाबा, धरा, सोडा, आणि सोडल्यावर दातांमध्ये थोडी फट राहू द्या, जीभ खाली टेकू द्या. शेवटी मांड्या आणि पोटऱ्या. आवळताना श्वास रोखू नका.

मला या सगळ्यात जबडा आणि हात हे दोन भाग सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. वेळ कमी असेल, नाव पुकारायची वेळ आली असेल, तर बाकीचं सोडा आणि एवढंच करा. बाजूला बसलेल्या माणसाला कळतही नाही.

जिथे ऑपरेशन व्हायचंय, जिथे फ्रॅक्चर आहे किंवा दुखणं आहे, तो भाग यातून वगळायचा. पायात पेटके येत असतील तर पोटऱ्या जोराने आवळू नका.

ज्यांना चक्कर येते त्यांनी नेमकं उलट करायचं

रक्त, सुई किंवा जखम बघून काही माणसांना भोवळ येते. घाम फुटतो, कानात सूं असा आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली कोसळतो. इतर भीतींमध्ये असं होत नाही. उंचीला किंवा कुत्र्याला घाबरणाऱ्याचा रक्तदाब चढलेलाच राहतो. रक्ताच्या भीतीत मात्र तो आधी थोडा चढतो आणि मग एकाएकी कोसळतो, ठोकेही मंदावतात, आणि मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही. म्हणजे या माणसाच्या शरीरात आवर घालणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जोरात लागलेली असते. अशा वेळी त्याला आणखी सैल सोडायला सांगितलं तर तो लवकर पडेल.

लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावर एक उपाय तपासून मांडला. मराठीत त्याला 'ताण देऊन तोल राखणं' म्हणता येईल. खुर्चीत बसायचं. हात, पोट आणि पाय यांचे मोठे स्नायू एकदम आवळायचे आणि १० ते १५ सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, धरून ठेवायचे. मग ताण सोडायचा, पण अंग पूर्ण ढिलं टाकायचं नाही, नेहमी बसतो तेवढ्यावर आणायचं. २० ते ३० सेकंद थांबायचं आणि पुन्हा. असं पाच वेळा. आवळलेले स्नायू रक्त वर ढकलतात, रक्तदाब टिकून राहतो आणि भोवळ टळते. रक्तदान करणाऱ्यांनाही हाच उपाय शिकवला जातो.

सुई ज्या हाताला लावायची आहे तो हात सैल ठेवून बाकीचे स्नायू आवळायचे. पायाला पाय अडकवून मांड्या दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. उच्च रक्तदाब, हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पूर्वी एकदा जरी अशी चक्कर आली असेल तरी सुई हातात घेण्याआधी सिस्टरला सांगा. लाजू नका. सांगितलं की त्या तुम्हाला खुर्चीऐवजी पलंगावर आडवं झोपवून रक्त काढतात, पाय थोडे उंच ठेवतात. आडव्या माणसाला पडायला जागा नसते आणि मेंदूला रक्त पोचवायला हृदयाला चढण चढावी लागत नाही. हे एक वाक्य बोलून दाखवण्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच व्यायामाने पडत नाही.

मशीनमध्ये, दाताच्या खुर्चीत, दुर्बिणीच्या टेबलावर

एमआरआयची भीती अंगाला सुई लागण्याची नसते, कोंडलं जाण्याची असते. त्यात भर आवाजाची. तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतात. तपासणी पंधरा मिनिटांपासून तासाच्या वरही चालते. या सगळ्या वेळात हलायचं नसतं, कारण हललं की चित्र पुसट येतं आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. त्यामुळे मुठी आवळण्याचा व्यायाम आत करायचा नाही. तो बाहेर, कपडे बदलून बसलेले असताना उरकून घ्यायचा. छातीचा किंवा पोटाचा एमआरआय असेल तर मोठे श्वासही नकोत, टेक्निशियन सांगेल तेव्हाच घ्यायचे आणि रोखायचे.

मग आत करायचं काय? डोळे टेबल सरकायच्या आधी मिटायचे. आत जाऊन, नाकापुढे आलेलं छत बघून मग मिटले तर ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. काही जण डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल ठेवून मागतात, तोही चालतो. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की टेक्निशियनला कळतं आणि तो बोलतो. हा फुगा आहे आणि आपण केव्हाही थांबवू शकतो हे पक्कं ठाऊक असणं, हाच पुष्कळांच्या बाबतीत सगळ्यात मोठा आधार ठरतो. आत जाण्याआधी एकदा दाबून बघायला मागा. प्रत्येक आवाजाची फेरी किती मिनिटांची हे सांगत राहा, अशी विनंती करा. टेक्निशियन ती सहसा आनंदाने मान्य करतात.

आतल्या वेळात मनाला गुंतवायला एखादा ओळखीचा रस्ता उपयोगी पडतो. तुमच्या रोजच्या वाटेवरून मनातल्या मनात चालत जा, घाई न करता. दाराची कडी, जिन्याची पायरी, डावीकडचं झाड, पायाखालचा खडबडीत भाग, कुठे सावली, कुठे ऊन. जितके तपशील जास्त तितकं लक्ष तिकडे राहतं. सुंदर समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा असं सांगण्याची पद्धत आहे, पण न पाहिलेल्या किनाऱ्यापेक्षा हजार वेळा चाललेला रस्ता मनात जास्त घट्ट उभा राहतो असं माझं मत आहे.

दाताच्या खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांशी एक खूण ठरवा: डावा हात वर केला की थांबायचं. तोंडात अवजारं असताना बोलता येत नाही, आणि भीतीचा मोठा वाटा त्या असहायतेचाच असतो. पुष्कळ जण ठरवलेली खूण एकदाही वापरत नाहीत, तरी त्यांना ती हवी असते. दुसरी एक गोष्ट आधीच माहीत असावी. हिरडीत भूल देण्याच्या काही औषधांमध्ये थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल त्याच जागी जास्त वेळ टिकते. ते देताच काही जणांचं हृदय दोन-तीन मिनिटं जोरात धडधडतं, हात थरथरतात. ती धडधड औषधाची असते, थोड्या वेळात उतरते. हे माहीत नसलेला माणूस मात्र घाबरून उठायला बघतो.

तोंडावाटे दुर्बिणीची तपासणी करायची म्हटली की गुदमरण्याची भीती सगळ्यात आधी येते. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही. श्वासाचा रस्ता मोकळाच असतो. नाकाने सावकाश श्वास चालू ठेवायचा, लाळ गिळायच्या मागे न लागता ती गालावरून बाहेर वाहू द्यायची, आणि खांदे खाली सोडायचे. इथे लांब उच्छ्वास खरोखर कामाला येतो.

चक्कर येणाऱ्यांचं सोडलं तर साध्या इंजेक्शनला किंवा रक्त काढायला यातलं काही लागत नाही. सुई टोचण्याच्या क्षणी एकदा खोकलं किंवा सावकाश फुंकर सोडली तरी टोचणं कमी जाणवतं. ज्यांना सुईचा फारच त्रास होतो त्यांना बधिर करणारं लिडोकेन-प्रायलोकेनचं मलम मिळतं. ते साधारण तासभर आधी लावून ठेवावं लागतं, म्हणून वेळेवर विचारून उपयोग नाही.

गाणी

संगीताने भीती कमी होते का, यावर बराच अभ्यास झालेला आहे. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने ऑपरेशनआधी संगीत ऐकवण्याचे २६ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत दोन हजारांहून थोडे जास्त रुग्ण होते. संगीत ऐकलेल्यांची चिंता कमी झालेली दिसली. ऐकणाऱ्याला आपण ऐकतोय हे कळतंच, त्यामुळे असे अभ्यास औषधांच्या अभ्यासाइतके काटेकोर होत नाहीत, असंही त्या तपासणीत म्हटलेलं आहे. तरी ज्याचा काही धोका नाही, ते करून बघायला हरकत नाही. गाणी स्वतःच्या आवडीची, आधीच डाउनलोड केलेली असू द्या, कारण ऑपरेशन थिएटरच्या बाजूला नेट मिळेलच असं नाही. एक कान मोकळा ठेवा, नाव पुकारलेलं ऐकू आलं पाहिजे. एमआरआयच्या खोलीत मात्र स्वतःचा फोन किंवा हेडफोन अजिबात न्यायचा नाही.

विचारणं हासुद्धा उपाय आहे

मन शांत करायच्या उपायांत माहितीचं नाव सहसा येत नाही. माझ्या मते ते सगळ्यात वर यायला हवं. १९६४ साली लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकारी भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर एक अभ्यास केला. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटले आणि त्यांनी सरळ सांगितलं की ऑपरेशननंतर दुखेल, कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, पोटाचे स्नायू आवळल्यामुळे ते वाढतं, आणि ते स्नायू सैल कसे करायचे, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं होतं त्यांना नंतर वेदनाशामक नार्कोटिक औषधं जवळपास निम्मीच लागली. कोणाला सांगितलंय हे ठाऊक नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. त्यात नवीन औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. एक माणूस पलंगाशेजारी बसून खरं बोलला होता.

म्हणून प्रश्न लिहून न्या. भूल कुठली, जाग केव्हा येईल, शुद्धीवर आल्यावर अंगाला कुठल्या नळ्या लागलेल्या असतील, पहिल्या रात्री किती दुखेल आणि दुखलं तर कोणाला सांगायचं. मनातली सगळ्यात मोठी भीती विचारायला संकोच वाटतो, पण तीच आधी विचारा. ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर, ही भीती किती तरी जणांना असते आणि कोणी बोलत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजार रुग्णांमागे एकाने असा अनुभव आल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या प्रकारानुसार हा आकडा बदलतो. तुमच्या ऑपरेशनचं काय, ते तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील. धूसर भीतीपेक्षा असा आकडा जवळ असलेला बरा. अर्थात काही माणसांना तपशील नको असतात, त्यांनी तसं स्पष्ट सांगावं, आणि मग कोणी त्यांच्या गळ्यात ते मारू नयेत.

सोबत असणाऱ्यांसाठी

सुई लावताना "आता जरा टोचेल, आग होईल हं" असं म्हणणं प्रेमळ वाटतं. एल्व्हिरा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण जागा असताना केल्या जाणाऱ्या प्रक्रियांमधलं हे बोलणं नीट तपासलं, आणि २००५ साली प्रसिद्ध केलं. टोचेल, जळेल, दुखेल अशा शब्दांत आधी सूचना दिली की रुग्णाला दुखणंही जास्त जाणवलं आणि चिंताही वाढली. दुखून झाल्यावर "फार दुखलं ना?" असं विचारल्याने दुखणं वाढलं नाही, पण चिंता वाढली. हे एगबर्टच्या अभ्यासाच्या विरुद्ध जात नाही. आदल्या दिवशी शांतपणे सगळं समजावणं वेगळं, आणि सुई कातडीला टेकत असताना दुखण्याचं नाव घेणं वेगळं. त्या क्षणी "आता सुरू करतेय, तुम्ही फुंकर सोडा" एवढंच पुरे.

मुलांच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. "काही नाही होणार, काही नाही होणार" असं आईबाबा परत परत म्हणायला लागले की मूल जास्त रडतं, कारण आवाजातली काळजी त्याला आधी कळते. लक्ष दुसरीकडे नेणाऱ्या बोलण्याचा, गोष्टीचा, साबणाचे फुगे उडवण्याचा उपयोग जास्त होतो. फुगे उडवताना मूल नकळत लांब श्वास सोडतं, म्हणजे मोठ्यांना मोजून करावं लागतं ते त्याचं खेळता खेळता होतं. लहान मुलाला पलंगावर चारी बाजूंनी दाबून धरू नका, मांडीवर सरळ बसवून जवळ घ्या. आणि खोटं सांगू नका. टोचणार नाही म्हणून नेलं आणि टोचलं, तर पुढच्या वेळी ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारेल.

एवढ्याने भागत नसेल तर

श्वासाचा किंवा स्नायूंचा कुठलाही प्रकार ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यांदा करून बघू नये. भीती भरलेल्या वेळी नवीन काही शिकता येत नाही. आधीचा एक-दोन आठवडा, दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, मन चांगलं असताना सराव करा. झोपायच्या आधीची वेळ बरी पडते. तारीख अगदी जवळ आली असेल तर फक्त लांब उच्छ्वास शिका.

आणि या सगळ्याला मर्यादा आहे. याने भीती आटोक्यात येते, बहुतेकांची पूर्ण जात नाही. जायची गरजही नसते, टेबलावर शांत पडून राहता आलं की पुरे. ते जमत नसेल, झोप उडाली असेल, किंवा भीतीपोटी तुम्ही तारीख आधीच एकदा रद्द केली असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा. ऑपरेशनआधी चिंता कमी करणारी औषधं आहेत, एमआरआय आणि दुर्बिणीसाठीही गुंगी देता येते. ती मागणं कमीपणाचं नाही. घरातली झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊन जाऊ नका, कारण भुलेच्या औषधांबरोबर तिने श्वास मंदावू शकतो. काय घेतलंय ते भूलतज्ज्ञांना कळलंच पाहिजे. उपाशी राहायला सांगितलं असेल तर घसा कोरडा पडला म्हणून पाण्याचा घोटही विचारल्याशिवाय नको. गुंगीचं औषध घेतलंत तर साधारण २४ तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, म्हणून घरी न्यायला कोण येणार ते तारीख घेतानाच ठरवून ठेवा.